गाळा खाली करायची नोटीस आली, आता काय करायचं?

गल्ल्यासमोर गिऱ्हाईक उभं असताना पोस्टमन येतो, सही घेतो आणि वकिलाचं पाकीट ठेवून जातो. आत तीन-चार पानं इंग्रजी मजकूर. त्यातून एकच गोष्ट कळते: अमुक दिवसांत गाळ्याचा खुला, शांत आणि रिकामा ताबा द्या, नाहीतर दावा लावू. यावर बहुतेक जण दोनपैकी एक करतात. कुणी तडक मालकाच्या घरी जाऊन आवाज चढवतो, तर कुणी पाकीट देवाच्या फोटोमागे सरकवून तो विषयच काढत नाही. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो.

म्हणून काय करायचं ते क्रमाने लिहितोय. हे महाराष्ट्रातल्या दुकान, गाळा, ऑफिस, गोदाम भाड्याने घेतलेल्यांसाठी आहे. गोव्यात इमारतभाड्याचा १९६८चा स्वतंत्र कायदा आहे, तिथल्या वाचकांनी इथली कलमं तशीच्या तशी लावू नयेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. नोटीस हे मालकाच्या वकिलाचं पत्र आहे, न्यायाधीशाचा हुकूम नाही. नोटिशीची मुदत संपली म्हणजे मालकाला दावा लावायचा रस्ता मोकळा होतो. शटरला कुलूप घालायचा नाही.

पहिल्या दोन दिवसांत

पाकीट फाडून फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का आणि तुम्हाला ते मिळाल्याची तारीख या दोन गोष्टींवर पुढे मुदती मोजल्या जातात. पाकिटावरच पेनाने तारीख लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. पोस्टमनला ‘घेत नाही’ म्हणून परत पाठवण्यात काही शहाणपणा नाही. ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडलेलं पाकीट न्यायालयात सहसा बजावलेलंच धरतात. म्हणजे नोटीस लागू झाली आणि आत काय लिहिलंय हे मात्र तुम्हालाच ठाऊक नाही.

वकिलाला भेटेपर्यंत मालकाशी फोनवर जेवढं कमी बोलाल तेवढं बरं, आणि लिहून तर काहीच देऊ नका. ‘दिवाळीपर्यंत सोडतो शेठ, जरा थांबा’ असा एक व्हॉट्सॲप मेसेज दोन वर्षांनी पुरावा म्हणून छापून समोर येतो. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही, जुन्या तारखेची पावती, ‘फक्त नूतनीकरणासाठी’ म्हणून दुसऱ्या चावीची मागणी, या सगळ्याला तूर्तास नाही म्हणा.

मग कागद जमवा. करारनामा आणि त्याची नोंदणी झाली असेल तर इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातून मिळणारा व्यवहाराचा उतारा). भाडेपावत्या, वडिलांच्या किंवा काकांच्या नावावरच्या पिवळ्या पडलेल्याही. भाडं बँकेतून गेलं असेल तर त्याचा उतारा. वीजबिलं, शॉप ॲक्टचा दाखला (मुंबईत ज्याला गुमास्ता म्हणतात तो), जीएसटी नोंदणीवरचा पत्ता, डिपॉझिट दिल्याची नोंद. आणि एका वहीच्या पानावर तारीखवार टिपण लिहा: गाळा कधी घेतला, भाडं कधी वाढलं, कधीपासून थकलं, मालक कधी काय बोलला. वकिलाच्या पहिल्या भेटीत हे पान करारापेक्षा जास्त कामाला येतं.

तुम्ही कायद्याने नक्की कोण?

सगळं प्रकरण इथे ठरतं, म्हणून थोडं सावकाश वाचा. ‘मी भाडेकरू आहे’ असं सगळेच म्हणतात, पण कायद्याच्या लेखी एकाच रांगेतल्या चार गाळ्यांत चार वेगवेगळी माणसं बसलेली असू शकतात.

पहिला जुना भाडेकरू. पागडी, म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोबदला देऊन घेतलेला किंवा वाडवडिलांपासून चालत आलेला, दरमहा भाडेपावती मिळणारा. त्याच्यामागे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ उभा आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने तीन जुने कायदे एकत्र मोडीत काढले: पश्चिम महाराष्ट्रातला १९४७चा मुंबई भाडे कायदा, विदर्भातला १९४९चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा आदेश आणि मराठवाड्यातला १९५४चा हैदराबाद कायदा. नागपूर-अकोल्याकडचे जुने व्यापारी अजून ‘रेंट कंट्रोलरची परवानगी घेतली का?’ असं विचारतात, ती त्या जुन्या आदेशाची सवय आहे. आता थेट न्यायालयात जावं लागतं. या भाडेकरूला कायद्यात लिहिलेल्या कारणांशिवाय काढता येत नाही. करार संपला, किंवा शेजारच्या गाळ्याला दहापट भाडं मिळतंय, ही कारणं त्यात नाहीत. पागडीबद्दल लोक अजून दबक्या आवाजात बोलतात, पण याच कायद्याच्या कलम ५६ ने असा मोबदला घेणं-देणं कायदेशीर केलं आहे.

दुसरा लिव्ह अँड लायसन्सवाला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यांनी दुकान थाटलं, त्यांतले बहुतेक इथे मोडतात. करारात ‘भाडेकरू’ हा शब्दच नसतो. तिथे ‘परवानाधारक’ असतो आणि भाड्याऐवजी ‘परवाना शुल्क’. मुदत संपली की राहण्याचा हक्क संपतो. भाडेकरूला मिळणारं संरक्षण याला नाही, हे कडू असलं तरी आजच कळलेलं बरं.

तिसरा प्रकार मोठ्या कंपनीचा. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे अशा खाजगी वा सार्वजनिक मर्यादित कंपन्या भाडे नियंत्रण कायद्याच्या छत्राबाहेर आहेत. त्यांना १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. महिन्याच्या भाडेपट्ट्याला तिथे पंधरा दिवसांची नोटीस पुरते. गुंतवणूकदारांचा पैसा आला म्हणून भांडवल वाढवणाऱ्या नव्या कंपन्यांनी हा आकडा एकदा सनदी लेखापालाकडून बघून घ्यावा.

चौथा सरकारी किंवा महापालिकेच्या मंडईतला गाळा. तिथे दिवाणी दावा न लावता अधिकारीच सुनावणी घेऊन काढण्याचा आदेश देतो. आयुर्विमा महामंडळ, राष्ट्रीयीकृत बँक, बंदर यांच्या इमारतींना १९७१चा सार्वजनिक जागांचा केंद्रीय कायदा लागतो आणि त्यात इस्टेट ऑफिसरच्या आदेशावर अपिलाला फक्त बारा दिवस मिळतात. असा गाळा असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि आजच वकील गाठा.

आता पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातली सीमारेषा. नुसतं करारावर ‘लायसन्स’ लिहिलं म्हणून तो परवाना होत नाही. व्यवहाराचं खरं स्वरूप काय, जागेचा स्वतंत्र ताबा कुणाकडे, हे न्यायालय बघतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९मध्येच ते सांगून ठेवलंय. पण यावर फार इमले बांधू नका. नोंदणी केलेल्या, दोन्ही बाजूंनी सह्या-अंगठे दिलेल्या परवान्यावर पाच वर्षं धंदा करून मग ‘मी मुळात भाडेकरूच’ म्हणणाऱ्याचं फारसं कुणी ऐकून घेत नाही.

नोंदणीच नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही’ ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने टाळली तर कोणत्या अटी-शर्तींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटरीच्या शिक्क्यावर भागवलेला करार तुमच्या फायलीत असेल तर वकिलाला तो सर्वांत आधी दाखवा.

भाडं थकलंय? मग नव्वद हा आकडा लक्षात ठेवा

हे जुन्या भाडेकरूसाठी. थकबाकीच्या कारणावरून मालकाला आधी लेखी मागणी करावी लागते आणि ती नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवस थांबावं लागतं. त्या आत पूर्ण थकबाकी दिलीत तर या कारणावर दावा उभा राहत नाही. आकडा पटत नसेल तरी निदान जो पटतो तेवढा लगेच भरा आणि बाकीच्याबद्दल नोटिशीच्या उत्तरात कारण लिहा.

मालक पैसे घेतच नाही, ही नेहमीची तक्रार. तो घेत नाही कारण त्याला थकबाकीदार हवाय. अशा वेळी पैसे अशा वाटेने पाठवा की नकाराचाही पुरावा मागे उरेल. बँक खातं माहीत असेल तर तिथे, किंवा चेक स्पीड पोस्टाने. जुन्या फायलींत ‘घेतली नाही’ शेऱ्याने परत आलेल्या मनीऑर्डरींची चळत दोरीने बांधून ठेवलेली असायची, आणि त्या चळतीने कितीतरी गाळे वाचवले आहेत. रोख दिलेल्या भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. ती मागायला लाजू नका.

नव्वद दिवस हुकले आणि दावा दाखल झाला, तरी एक दार उघडं असतं. दाव्याचं समन्स बजावल्यापासून पुन्हा नव्वद दिवसांत तोवरचं सगळं भाडं आणि कायदेशीर वाढ, त्यावर वर्षाला पंधरा टक्के सरळ व्याज, असं न्यायालयात भरायचं, आणि नंतर दावा संपेपर्यंत दरमहा न चुकता भरत राहायचं. न्यायालय ठरवेल तो दाव्याचा खर्चही द्यावा लागतो. एवढं केलं तर थकबाकीसाठी ताब्याचा हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा आदेश, डिक्री) होत नाही. माणसं मार खातात ती ‘न चुकता’ या शब्दावर. पहिली मोठी रक्कम दागिने गहाण टाकून भरतात आणि सहा महिन्यांनी, केस वकिलाकडे आहे म्हणून, निश्चिंत होऊन दरमहाचं भाडं विसरतात. बँकेत स्थायी सूचना द्या किंवा दुकानातल्या कॅलेंडरवर दर महिन्याला लाल गोल करा. काहीही करा, पण भरा.

भाडं किती वाढवता येतं, हा प्रश्नही इथेच येतो. या कायद्याखालच्या भाडेकरूचं भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं. वर दुरुस्ती आणि करांच्या निमित्ताने काही वाढी आहेत. नोटिशीतला थकबाकीचा आकडा या हिशेबात बसतो का, ते स्वतः कागद-पेन घेऊन तपासा. बसत नाही असं बऱ्याचदा निघतं.

बाकीची कारणं

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये ताबा मागण्याच्या कारणांची मोठी यादी आहे. दुकानदारांच्या बाबतीत त्यातली तीन-चारच वारंवार येतात.

पोटभाडेकरू. मालकाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला जागा दिली, तर हे कारण पुरेसं आहे. मुंबईत यावर ‘कंडक्टिंग’ नावाची पळवाट फार जुनी: धंदा माझाच, तो फक्त चालवतो. पुण्यात नातेवाईक भागीदार दाखवले जातात. खरी भागीदारी असेल तर चिंता नाही. पण न्यायालय भागीदारीच्या कागदापलीकडे पाहतं. दुकानाची चावी कुणाकडे, बँक खातं कोण चालवतं, जीएसटी कुणाच्या नावावर, नफा-तोटा खरोखर वाटला जातो का, हे सगळं उलटतपासणीत निघतं.

बंद दुकान. रास्त कारणाशिवाय, ज्या कामासाठी जागा घेतली त्या कामासाठी ती दाव्याच्या आधीचे सलग सहा महिने वापरली नाही, तर मालक ताबा मागू शकतो. गावी शेती बघायला गेलेला, आजारपणात अडकलेला, मुलाने नोकरी धरल्यावर शटर खाली ओढून बसलेला दुकानदार इथे सापडतो. मालक पुरावा म्हणून तुमच्या मीटरची वीजबिलं मागवतो, आणि शून्य युनिटची सहा बिलं ओळीने मांडली की साक्षीदारांची गरज राहत नाही. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जपा; रास्त कारण सिद्ध करायची वेळ येईल.

बांधकाम. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर तेही कारण. यात सिमेंट-लोखंडाचा पोटमाळा हमखास येतो. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं अशी कामं, लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केलेली, पक्क्या बांधकामात धरायची नाहीत असं कायद्यातच म्हटलंय. त्यामुळे नोटिशीत ‘बेकायदा बांधकाम’ वाचून लगेच हातोडा घेऊ नका. तोडफोड केली तर पुरावा तर जातोच, शिवाय चूक कबूल केल्यासारखं दिसतं.

मालकाची स्वतःची गरज. ‘माझ्या मुलाला इथे धंदा टाकायचाय.’ हे कारण धंद्याच्या जागेलाही लागू आहे, आणि ते खरं असेल तर वजनदार आहे. पण त्यात तराजू असतो. ताबा दिल्याने भाडेकरूवर कोसळणारी अडचण मालकाच्या अडचणीपेक्षा मोठी असेल, तर न्यायालय हुकूमनामा नाकारू शकतं किंवा जागेच्या काही भागापुरताच देऊ शकतं. इथे भाडेकरूंची एक चूक ठरलेली: पर्यायी जागा शोधलीच नाही. दावा आल्यावर आजूबाजूला दुकान शोधा, एजंटांचे निरोप, सांगितलेली भाडी लिहून ठेवा. शोधूनही परवडणारी जागा मिळाली नाही असं दाखवता आलं, तर तराजू जरा तुमच्या बाजूला कलतो. मालकाचा मुलगा पुण्याला नोकरीत स्थिरावलाय, याच इमारतीत मालकाचा दुसरा गाळा रिकामा पडलाय, असल्या गोष्टी शेजारचा चहावाला वकिलापेक्षा आधी सांगतो.

इमारत मोडकळीला आल्याची पालिकेची नोटीस हे वेगळं प्रकरण आहे. जीव धोक्यात असेल तर बाहेर पडाच, पण आधी तुमच्या गाळ्याचं क्षेत्रफळ पालिकेकडून मोजून लेखी घ्या. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूपण आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये स्पष्ट केलंय.

वकील कसा गाठायचा

ओळखीतला, फौजदारी केसेस गाजवणारा वकील इथे कामाचा नाही. भाड्याच्या दाव्यांत रोज उभा राहणारा हवा. मुंबईत हे दावे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात किंवा त्याच्या वांद्र्याच्या शाखेत चालतात. लोक त्याला ‘स्मॉल कॉज’ म्हणतात. पुण्या-नागपुरातही लघुवाद न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. एक दिवस तिथे जाऊन बसा. कोण तयारीने बोलतंय आणि कोण नुसती तारीख मागतंय, हे दोन तासांत कळतं.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा: नोटिशीचं उत्तर, कैफियत (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर), पुरावा, युक्तिवाद. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचा, आणि मूळ कागद देताना यादी करून पोच घ्या. दावा दाखल झाला की सीएनआर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र क्रमांक मागून घ्या. तो ई-कोर्ट्सच्या मोफत ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागचे आदेश घरबसल्या दिसतात. ‘साहेब, केसचं काय झालं?’ असं दर आठवड्याला विचारण्यापेक्षा हे दोघांच्याही मनःशांतीसाठी बरं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा. १९८७च्या विधी सेवा कायद्याने ठराविक उत्पन्नाच्या आतल्यांना मोफत वकील मिळतो, आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. शिवणकाम, ब्यूटी पार्लर, खाणावळ चालवणाऱ्या बायकांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

उत्तर, समन्स, कैफियत

नोटिशीला लेखी उत्तर द्याच. गप्प राहिलात तर उद्या ‘यांनी काहीच नाकारलं नाही’ असं म्हटलं जातं. उत्तर लहान आणि खरं असू द्या. रागाच्या भरात ‘मी तुमचा भाडेकरूच नाही, जागा माझीच आहे’ असलं काही लिहू नका. मालकाचा मालकी हक्क नाकारणं स्वतःच एक संकट ओढवून घेतं.

मालक अचानक न्यायालयातून एकतर्फी आदेश आणेल अशी भीती असेल तर वकिलाला कॅव्हेट दाखल करायला सांगा. ते नव्वद दिवस चालतं, आणि तेवढ्या काळात तुमचं ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये अशी सोय होते.

बेलिफ (न्यायालयाचा माणूस) समन्स घेऊन आला की त्यावरची तारीख चुकवू नका. लेखी कैफियत तीस दिवसांत द्यायची असते, न्यायालयाने वाढवली तर नव्वदपर्यंत. गेलाच नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी तीस दिवसांत अर्ज आणि न येण्याचं पटेल असं कारण लागतं.

सकाळी आलात आणि शटरला दुसरंच कुलूप

हे घडतं. बहुधा शनिवारी रात्री घडतं, कारण रविवारी न्यायालय बंद.

कुलूप तोडू नका. आधी फोटो, व्हिडिओ, शेजारच्या दोन-तीन दुकानदारांची नावं. मग पोलीस ठाणं. तिथे ‘हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवून जा. ते अर्धंच खरं आहे. ताब्याचा हक्क दिवाणी न्यायालय ठरवेल, पण आत तुमचा माल आहे, गल्ला आहे, आणि कुणी जबरदस्तीने घुसलंय. लेखी तक्रार द्या, अदखलपात्र नोंद केली तर तिची प्रत घ्या, नुसतीच अर्जावर पोच दिली तर तीही जपा. कुलूप कोणत्या तारखेला लागलं याचा तो पहिला सरकारी कागद असतो.

आणि मग दावा. १९६३च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम ६ नेमकं यासाठी आहे. कायदेशीर मार्गाशिवाय, तुमच्या संमतीविना ज्याने तुमचा ताबा काढला, त्याच्याविरुद्ध सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. यात मालक कोण, करार संपला होता का, हे बघितलं जात नाही. ताबा तुमचा होता आणि तो बळाने काढला, एवढंच सिद्ध करायचं. निकालावर अपीलही नाही. सहा महिने मात्र झपाट्याने जातात; ‘सोसायटीचे चेअरमन मध्यस्थी करतायत’ म्हणून पाच महिने वाट बघणारे हा रस्ता गमावतात.

कुलपाऐवजी वीज तोडली, पाणी बंद केलं, असा प्रकार असेल तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे. अत्यावश्यक सेवा मालकाने रास्त कारणाशिवाय तोडायची नाही. भाडेकरू न्यायालयात अर्ज करून ती सुरू करून घेऊ शकतो, आणि असं करणाऱ्या मालकाला शिक्षेची तरतूद आहे.

लायसन्सची मुदत संपलेल्यांसाठी, स्पष्टपणे

राहत्या घराचा परवाना संपला की मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि तिथे झटपट आदेश मिळतो. भाडे नियंत्रण कायद्याचं ते कलम २४ फक्त निवासी जागेला आहे. दुकानासाठी मालकाला रीतसर दावाच लावावा लागतो, आणि दाव्याला वेळ लागतो. काही वकील हाच वेळ विकतात: ‘काळजी करू नका, पाच वर्षं काही होत नाही.’

त्या पाच वर्षांचा हिशेब शेवटी येतो. मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्याची नुकसानभरपाई मालक मागतो, आणि ती जुन्या परवाना शुल्काने नाही तर त्या वेळच्या बाजारभावाने ठरू शकते. डिपॉझिट त्यातच विरघळतं. माझं मत असं की नोंदणीकृत परवाना संपलाय आणि मालकाने नूतनीकरण नाकारलंय, तर लढण्याऐवजी वेळ मागा. नवीन जागा, परवाने, फर्निचर यासाठी चार-सहा महिने, त्या काळाचं ठरलेलं शुल्क, आणि ताबा देताना त्याच क्षणी डिपॉझिट परत. मालकालाही दावा नकोच असतो, त्यामुळे हे बहुतेक वेळा जमतं. दावा आधीच लागला असेल तर हेच तडजोडपत्रात लिहून न्यायालयात दाखल करा. मुदतीनंतर मालक पैसे घेतो तेव्हा पावतीवर ‘भाडं’ न लिहिता ‘नुकसानभरपाई’ लिहितो, नवीन भाडेकरूपण निर्माण होऊ नये म्हणून. तो शब्द बघून घाबरायचं कारण नाही, पण न वाचता सहीही करू नका.

हुकूमनामा विरुद्ध गेला तर

भाड्याच्या दाव्यात अपिलाला तीस दिवस मिळतात. मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे, इतरत्र जिल्हा न्यायालयात. निकालाच्या प्रतीसाठी (नकलेसाठी) अर्ज त्याच दिवशी टाका.

अपील केलं म्हणजे हुकूम आपोआप थांबला असं नसतं, स्थगिती मागावी लागते. आणि इथे जुन्या भाडेकरूंना धक्का बसतो. ज्या गाळ्याला आजवर महिना तीनशे रुपये भाडं होतं, त्याच्या स्थगितीसाठी न्यायालय बाजारभावाच्या आसपासची रक्कम दरमहा जमा करायला सांगू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आधी दिल्लीच्या एका प्रकरणात आणि मग २००९मध्ये महाराष्ट्राच्या भाडे कायद्याखालच्या प्रकरणातही मान्य केलंय. अपील करायचं की हमीपत्र देऊन सोडायला वेळ मागायचा, याचा निर्णय हा आकडा समोर ठेवून घरच्यांबरोबर बसून घ्या.

मालकाने स्वतःच्या गरजेसाठी ताबा घेतला आणि वर्षाच्या आत तो गाळा तिसऱ्यालाच भाड्याने दिला, तर मूळ भाडेकरू परत ताबा मागायला न्यायालयात जाऊ शकतो. म्हणून सोडल्यावरही त्या रस्त्याने अधूनमधून चक्कर मारा.

सोडायचंच ठरलं तर

चावी हातात देताना ताबा पावती घ्या: तारीख, मीटरचं रीडिंग, आत राहिलेल्या वस्तू, मिळालेली डिपॉझिटची रक्कम, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. रिकाम्या गाळ्याचा एक व्हिडिओ काढा. करार नोंदणीकृत असेल आणि मुदतीआधी सोडत असाल तर तो रद्द केल्याचा कागदही करा. जीएसटी, शॉप ॲक्ट आणि बँकेतला पत्ता लगेच बदला, नाहीतर पुढच्या सरकारी नोटिसा जुन्या गाळ्यावर जातील आणि तिथला नवा माणूस त्या तुम्हाला आणून देईलच असं नाही. डिपॉझिट ‘पुढच्या आठवड्यात’ मिळणार असेल तर चावीही पुढच्या आठवड्यात.